सोयाबीनमधील ट्रिप्सिन-निरोधक

कच्च्या सोयाबीनवर उंदरांची नीट वाढ होत नाहीं, परंतु तेंच शिजवून दिलें असतां ते चांगले पोसले जातात, ही गोष्ट ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१७ मध्यें दाखवून दिली. द्विदल धान्य शिजवूनच खावें, हें आपल्याकडील गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. विस्तवावर नष्ट होणाऱ्या घातक द्रव्यांपैकीं एक प्रमुख द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं येण्यास मात्र १९४५ साल उजाडावें लागलें.

तें मिळविलें मोझेस कुनिट्झ यांनीं. त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील स्लोनिम गांवीं १८८७ मध्यें जन्मलेला हा गृहस्थ १९०९ मध्यें अमेरिकेस गेला, रॉकफेलर संस्थेंत प्रयोगशाळेचा साधा मदतनीस म्हणून लागला आणि नोकरी सांभाळून १९२४ मध्यें कोलंबिया विद्यापीठाचा डॉक्टर झाला. मांसादि अन्नांतील प्रथिनें तोडणारा ट्रिप्सिन हा स्वादुपिंडांतील पाचक पदार्थ. त्याचा एक निरोधक कुनिट्झ व नॉर्थ्रॉप यांनीं १९३६ मध्यें गाईच्या स्वादुपिंडांतूनच वेगळा केला होता. आतां कुनिट्झनें तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाचा सौम्य आम्लांत अर्क काढला, त्यांतील निरोधक बेंटोनाइट मातीवर धरला, पिरिडीननें सोडविला व त्याचे स्फटिक बनविले.

हा निरोधक स्वतःच प्रथिन आहे, म्हणजे खरें पाहतां ट्रिप्सिनचें भक्ष्य! तरीही तो ट्रिप्सिनला असा घट्ट चिकटतो, कीं सुमारें आपल्या वजनाइतकें ट्रिप्सिन निकामी करतो. याहून नवलाची गोष्ट उष्णतेची. थोडा वेळ ८० अंशांपर्यंत तापविल्यास त्याची शक्ति जाते आणि निवविल्यावर बव्हंशीं परत येते. स्वयंपाकघरांत दाणा दीर्घकाळ शिजतो, तेव्हां ती कायमची जाते.

१९४६ चें नोबेल पारितोषिक सम्नर, नॉर्थ्रॉप व स्टॅन्ले यांस मिळालें. नॉर्थ्रॉपच्या खांद्यास खांदा लावून राबलेल्या कुनिट्झचें नांव त्यांत नव्हतें, आणि ही उणीव खटकल्यावांचून राहत नाहीं.

प्रयोगशाळांत मात्र हा पदार्थ आजही ‘कुनिट्झ निरोधक’ म्हणूनच ओळखला जातो. भांड्याच्या तळास चिकटलेल्या जिवंत पेशी ट्रिप्सिननें सुटल्या, कीं त्याचें काम तेथेंच थांबविणें भाग असतें, नाहीं तर पेशींस इजा होते. एरव्हीं रक्तद्रवांतील निरोधक हें काम करतात. रक्तद्रव वर्ज्य असेल तेथें सोयाबीनचा निरोधक घालतात. त्याची पूड थंड व कोरड्या जागीं ठेवावी. पाण्यांत विरघळवितांना फेंस येईल असें घुसळूं नये, आम्लता ४.५ पीएचच्या आसपास असूं नये, कारण तेथें तो सर्वांत कमी विरघळतो. द्रावण लहान लहान भागांत गोठवावें आणि एकदां वितळलेला भाग पुन्हां गोठवूं नये.