चेसिस क्रमांकावरून जुन्या गाडीची पडताळणी (खानदेश)

वापरलेली मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्या सांगाड्यावर कोरलेल्या १७ अंकाक्षरी क्रमांकावरून मालकी, कर्ज, विमा, चोरी व दुरुस्ती यांचा माग काढण्याची रीत. हा क्रमांक गाडीवर कोरलेला असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार बंधनकारक आहे. मॉडेलप्रमाणे तो बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर, पुढच्या सीटखाली किंवा दाराच्या खांबाजवळ सापडतो.

खानदेशात या पडताळणीला विशेष महत्त्व आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. शिरपूरपलीकडे मध्य प्रदेश, नवापूरपलीकडे गुजरात. त्यामुळे इंदूर-सुरतेची गाडी इथल्या बाजारात येणे नवलाचे नाही. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एमपी ०९ ची पाटी उतरते, धुळ्यात एमएच १८ किंवा जळगावात एमएच १९ ची चढते. जुन्या पाटीवर फाडलेली चलने आणि काढलेला विमा नव्या नंबराने शोधून हाती येतीलच असे नाही. चेसिस क्रमांक मात्र तोच राहतो.

क्रमांकातील पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात : एमए३ मारुती सुझुकी, एमएटी टाटा मोटर्स. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे एक व शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून वापरत नाहीत. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्षाचे अक्षर देतात. त्यात ‘एच’ म्हणजे २०१७ आणि ‘जे’ म्हणजे २०१८. ‘अठराचं मॉडेल’ म्हणून विकली जाणारी गाडी सतराच्या अखेरीस बनलेली असू शकते. हा गुन्हा नव्हे, पण भाव पाडायला पुरेसे कारण आहे.

अमेरिकेत या क्रमांकावरून गाडीचा एकत्रित इतिहास विकत मिळतो. इथे तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा दिसतो. मात्र मालकाचे नाव झाकलेले असते. चोरीची खातरजमा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ नोंदींतून होते. बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा नाहरकत दाखला हवा. जळगावात पतसंस्था भरपूर. त्यांतली एखादी अवसायनात गेली असल्यास हा दाखला अवसायकाकडून मिळवावा लागतो, आणि त्यात किती काळ जाईल याचा भरवसा नाही. सर्व्हिस सेंटरमधील नोंदींवरून मीटर मागे फिरवल्याचे उघड होऊ शकते. नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आलेला दिसला, तर दावा कशाचा केला होता हे विचारावे.

सर्वांत धोकादायक फसवणूक कागदावर दिसत नाही. अपघातात निकामी झालेली गाडी भंगाराच्या भावाने कागदपत्रांसह घेतात, तिच्या क्रमांकाचा पत्रा कापून त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर जोडतात. मग ‘वाहन’वरील प्रत्येक नोंद बरोबर जुळते. म्हणून मोबाइलवर समाधान मानणे भाबडेपणाचे आहे; वेल्डिंगची कड, आजूबाजूचा नवा रंग, वाकडीतिकडी अक्षरे डोळ्यांनीच पाहावी लागतात. हस्तांतराच्या अर्जासाठी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. ती छाप सौदा ठरण्याआधीच आपल्या हाताने घ्यावी. आढेवेढे घेणाऱ्या विक्रेत्याकडे फार वेळ थांबू नये.

मूळ क्रमांक घासून त्या जागी दुसरा ठोकला असेल, तर न्यायवैद्यक तपासणीत बहुधा तो परत वाचता येतो. ठोकताना अक्षराखालचे पोलादही दबलेले असते. पृष्ठभाग गुळगुळीत करून आम्लयुक्त द्रावण लावले की दबलेला भाग वेगळा झिजतो आणि आकडे उमटतात. पण तोवर गाडी पोलिसांच्या ताब्यात गेलेली असते.

पुरात बुडालेली किंवा दावा न करता गॅरेजमध्ये दुरुस्त केलेली गाडी यांतल्या कोणत्याच नोंदीत सापडत नाही. तिथे ओळखीचा मेकॅनिकच कामाला येतो.