आधी अंधार, मग नियम

आजीशी व्हिडिओ कॉल चालू असतो. मध्येच तिचा चेहरा अंधारात बुडतो आणि आवाज येतो, ‘अगं, लाईट गेली!’ न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत वाढलेल्या तुम्हाला मग वाटतं, हे दुखणं तिकडचंच. इकडची वीज मुळातच भरवशाची.

तसं नाहीये. हा भरवसा मोठमोठ्या अंधारांतून आलाय.

पहिला अंधार 9 नोव्हेंबर 1965 चा. संध्याकाळी 5:16 वाजता नायगाराजवळच्या सर ॲडम बेक जलविद्युत केंद्रात एका रिलेने टोरोंटोकडे जाणारी लाईन तोडली. रिले म्हणजे लाईनवरचा पहारेकरी. भार मर्यादेपलीकडे गेला की तो लाईन बंद करतो. इथे लाईन ठणठणीत होती. पण 1963 मध्ये रिलेची मर्यादा फार खाली ठेवली गेली होती आणि केंद्र चालवणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं. तिचा भार शेजारच्या चार लाईनींवर पडला. काही सेकंदांत त्याही गेल्या. टोरोंटोला निघालेली वीज उलटी वळून न्यूयॉर्क राज्यात घुसली आणि जाळं तुकड्यातुकड्यांनी कोसळत गेलं. सुमारे 3 कोटी लोक अंधारात, काही ठिकाणी 13 तासांपर्यंत.

या धक्क्यानंतर 1968 मध्ये वीजकंपन्यांनी एक संस्था काढली. तिच्या लघुरूपाचा उच्चार होतो ‘नर्क’. हसू नका, काम स्वर्गाचं होतं! तिच्या नियमांचा गाभा साधा: जाळ्यातला कुठलाही एक भाग कधीही बंद पडेल असं धरून चाला; तो पडला तरी बाकीचं जाळं उभं राहिलं पाहिजे. इंजिनिअर याला ‘एन वजा एक’ म्हणतात. संगणकावर एकेक लाईन, एकेक केंद्र काढून बघायचं, काय होतं ते.

मेख एवढीच, की नियम ऐच्छिक होते. मोडले तरी दंड नाही.

14 ऑगस्ट 2003 ला त्याची किंमत कळली. ओहायोत एका कंपनीच्या कंट्रोल रूममधली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा दुपारी मुकी झाली होती आणि ते तासभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. तेवढ्यात तिच्या तीन मोठ्या लाईनी वाढलेल्या झाडांना टेकून गेल्या. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले 5 कोटी लोक अंधारात होते. तुमच्या आईबाबांना विचारा, तेव्हा ते इकडे असतील तर नक्की आठवत असेल. मग 2005 मध्ये कायदा झाला आणि 2007 पासून नियम सक्तीचे झाले. फांद्या छाटणंसुद्धा!

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. 2011 च्या थंडीत टेक्सासची वीजकेंद्रं गारठली. चौकशी अहवालाने सांगितलं, थंडीपासून बचावाची सोय करा. तो सल्लाच राहिला. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रं पुन्हा गोठली, 45 लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि राज्याच्याच मोजणीप्रमाणे 246 माणसं दगावली. सक्ती त्यानंतर आली.

म्हणून पुढच्या वेळी लाईट गेली, इकडे असो की आजीकडे, तर ‘कुठली तार तुटली?’ एवढ्यावर थांबू नका. तार कधीतरी तुटणारच. ती तुटली तर काय करायचं हे कुणी आधी ठरवलं होतं का, आणि ते पाळणं कुणाला बंधनकारक होतं का, तेही विचारा.