रेषा कुणाच्या?

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. तरी आज सर्किट बोर्डाविषयी बोलणार आहे. निमित्त माझा भाचा.

हा बोर्ड तुमच्या-माझ्या रेडिओचा जुना सोबती. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर यांनी १९३६च्या सुमारास तारांच्या गुंत्याऐवजी तांब्याच्या छापील रेषा वापरून रेडिओ बनवला. पुढे कित्येक वर्षे या रेषा हातानेच आखल्या जात. पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून दुप्पट-चौपट मोठा नकाशा करायचा आणि फोटो काढून तो लहान करायचा. रेषा चुकली की पट्टी उचकटायची.

मग हे काम संगणकावर गेले, पण आधी फक्त मोठ्या कंपन्यांच्या महागड्या यंत्रांवर. १९८५ साली टास्मानियात निक मार्टिन यांनी प्रोटेल सुरू केले आणि ते साध्या पीसीवर आणले. तेच पुढे अल्टियम झाले. १९८८ साली जर्मनीत ईगल आले. त्याची फुकट आवृत्ती हौशी मंडळींना मिळे. अट अशी, की बोर्ड १०० बाय ८० मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि थर दोनच. व्यावसायिकाला वाडा, हौशी माणसाला ओसरी! पण ओसरीवरही माणसे जमली.

२०१६ मध्ये ऑटोडेस्कने ईगल विकत घेतले. पुढच्याच वर्षी एकदा पैसे भरून ते कायमचे घेण्याची सोय गेली, भाडे सुरू झाले. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की २०२६च्या जूनमध्ये ईगल बंद होणार. भाचा म्हणाला, "मामू, माझ्या दहा वर्षांच्या फाइली!"

त्याचे दुःख मला लगेच कळले. १९९९ साली माझ्या कविता गावातल्या एका डीटीपीवाल्याने टाइप केल्या. छपाईचे पैसे जमेपर्यंत चार वर्षे गेली. तोवर दुकान बंद, फॉन्ट गायब. फ्लॉपी उघडली तर अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा. वही रद्दीत गेली होती. त्यातल्या अकरा कविता आजही मला आठवत नाहीत.

भाचा मात्र वाचला. ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली किकॅड लिहायला घेतले होते. ते फुकट आणि खुले. जिनिव्हाची सर्न प्रयोगशाळा २०१३ पासून त्यात भर घालू लागली. नकाशा सर्वांसाठी ठेवला, पण तो उघडायला महागडे सॉफ्टवेअर लागले, तर तो खुला कसला, हा तिथला विचार. २०१८च्या आवृत्तीपासून किकॅड ईगलचे प्रकल्पही उघडू लागले. ईगलने सहाव्या आवृत्तीपासून फाइल साध्या मजकुरात ठेवली होती, म्हणून हे सोपे झाले.

अतिवेगवान, गुंतागुंतीच्या बोर्डांसाठी आणि मोठ्या चमूंसाठी आजही महागडी साधने लागतात. त्यांची किंमत रास्तही असेल. पण साधन घेताना किमतीआधी एक प्रश्न विचारावा: दुकान बंद झाल्यावर माझी रेषा माझ्याकडे राहील का?

मी आता कविता युनिकोडमध्ये लिहितो. आणि वही रद्दीत देत नाही.