परदेशी इंजिनिअर आले की स्थानिकांच्या नोकऱ्या जातात का?

मावळातल्या उर्से टोलनाक्यावरून मुंबई विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांत अमेरिकेत शिकायला निघालेली पुण्याकडची मुलंही असतात. अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असतं आणि ते फेडण्याची भिस्त तिथल्या नोकरीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे कंपनीला १ लाख डॉलर शुल्क लावलं. कारण दिलं, की या व्हिसाच्या गैरवापराने अमेरिकी लोकांच्या नोकऱ्या जातात. हे कितपत खरं?

एच-१बी म्हणजे काय?

पदवीधर तज्ज्ञांना तात्पुरतं काम करू देणारा हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. कंपन्यांसाठी वार्षिक मर्यादा ६५ हजार आहे. अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएचडी केलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून बरेच जास्त येतात, म्हणून सोडत काढली जाते. व्हिसा मिळणाऱ्यांत भारतीय सर्वाधिक आहेत.

नोकऱ्या खरंच जातात?

जागा ठरावीक असतील, तर हो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि तिथले अनेक गणितज्ञ अमेरिकेत गेले. प्राध्यापकांच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. जॉर्ज बोर्हास आणि कर्क डोरन यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की ज्या अमेरिकी गणितज्ञांचे विषय सोव्हिएत गणितज्ञांशी जुळत होते, त्यांचं संशोधन घटलं. काहींना कमी नावाजलेल्या संस्थांत जावं लागलं.

कंपन्यांचं गणित वेगळं असतं. नवं उत्पादन निघालं की नव्या जागाही निघतात. विल्यम केर आणि विल्यम लिंकन यांना २०१० मध्ये आढळलं, की एच-१बी वाढल्यावर भारतीय आणि चिनी नावांची पेटंट वाढली, पण त्यामुळे स्थानिक संशोधक मोठ्या प्रमाणावर मागे पडले नाहीत.

मग अडचण कुठे आहे?

हा व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा माणसाला पगारवाढीसाठी अडून बसणं कठीण जातं. त्याचा दाब शेजारी बसणाऱ्या स्थानिकाच्या पगारावरही येऊ शकतो.

दार बंद केलं तर?

२००४ मध्ये एच-१बीची मर्यादा १ लाख ९५ हजारांवरून पुन्हा ६५ हजारांवर आली. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासानुसार, व्हिसा मिळेना तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारत, चीन आणि कॅनडातल्या शाखांत भरती वाढवली. म्हणजे माणूस अडला, काम मात्र सीमेपलीकडे गेलं.

शिवाय अमेरिकेच्या आशेने भारतात कितीतरी मुलं कॉम्प्युटर शिकली. सगळ्यांना व्हिसा मिळाला नाही. गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांच्या मते, याच मनुष्यबळामुळे भारतातला आयटी उद्योग वाढला. हिंजवडीसारखी आयटी पार्क अशाच मनुष्यबळावर चालतात.

लक्षात काय ठेवायचं?

उर्से-तळेगाव-चाकण पट्ट्यात बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांबद्दलही हाच वाद होतो. तिथेही आधी दोन गोष्टी विचारा: जागा ठरावीक आहेत की वाढणाऱ्या? आणि येणाऱ्याला नोकरी बदलायची मोकळीक आहे का?