कंपायलरचं विरजण: टिफ्रॅकपासून पवईपर्यंत

आजच्या भागाचा विषय आहे कंपायलर. ज्यांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिला नाही त्यांनीही थांबा, कारण सुरुवात दह्यापासून आहे.

दही लावायचं तर आधी दही लागतं. घरातलं संपलं की शेजारून चमचाभर विरजण आणायचं. शेजारच्यांनी कुठून आणलं? त्यांच्या शेजारून. कंपायलरचं अगदी हेच आहे. आपण माणसाला वाचता येईल असा कोड लिहितो आणि कंपायलर तो मशीनच्या शून्य-एकच्या भाषेत उतरवतो. पण कंपायलर हासुद्धा एक प्रोग्रामच. मग त्याला कोण कंपाइल करतं? आधीचा कंपायलर.

जीसीसी घ्या. रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये बाहेर आणलेला, आज लिनक्सचा बहुतेक डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो. त्याचा सोर्स उतरवून ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ या कमांड दिल्या की लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो, आणि तो बराच वेळ थांबत नाही. कारण जीसीसी स्वतःला एकदा नाही, तीनदा बांधतो. तुमच्या मशीनवरचा जुना कंपायलर सोर्समधून पहिला जीसीसी बनवतो. हा पहिला त्याच सोर्समधून दुसरा बनवतो, आणि दुसरा तिसरा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या फाइल्स बाइट-टू-बाइट ताडून बघतात. पहिल्यावर उसन्या विरजणाची छाप असू शकते. पण पहिला आणि दुसरा एकाच सोर्सचे, म्हणजे त्यांचं वागणं सारखं असायला हवं, म्हणून त्यांनी बनवलेला मालही सारखाच यायला हवा. फरक निघाला की बिल्ड तिथेच थांबतं.

मग जगातलं पहिलं विरजण कुठून आलं? ते हाताने लावलं. आणि हे हाताचं काम आपल्या मुंबईतही झालंय.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या टीमने १९५० च्या दशकात स्वतः कॉम्प्युटर बांधायला घेतला. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक मशीन चालू झालं, १९६० मध्ये पूर्ण मशीन, आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब्स. मेमरी १,०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून बघा, ५ केबी भरते. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. (मावला नसता तर बरंच झालं असतं, पण ते असो.)

टिफ्रॅकवर प्रोग्राम मशीनच्याच भाषेत लिहावा लागे, शून्य आणि एकच्या ओळींत. मधे दुभाषा नाही. अमेरिकेत तोपर्यंत १९५७ चा फोरट्रान वापरात आलेला होता. इथे मात्र माणूस स्वतःच कंपायलर होता. १९६४ मध्ये टीआयएफआरला अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठं मशीन आलं आणि लोक फोरट्रानमध्ये लिहू लागले. काम कितीतरी सोपं झालं, यात वादच नाही. पण माझ्या मते गंमत इथे आहे: मशीन आपण बांधलं तेव्हा कंपायलर नव्हता, आणि कंपायलर आला तो तयार खोक्यातून.

ते खोकं उघडून बघणारी परंपरा पुढे पवईत रुजली. आयआयटी मुंबईत धनंजय धामधेरे यांनी कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे कोड जास्त वेगाने कसा पळेल यावर, अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या आवडीचा एक प्रश्न असा समजा. द्वारका चौकात दोन रस्त्यांनी गाड्या येतात. एका रस्त्यावर पेट्रोल पंप आहे, दुसऱ्यावर नाही. चौकापुढे प्रत्येकाची टाकी भरलेली हवी. मग चौकात सगळ्यांनाच पुन्हा थांबवायचं, की बिनपंपाच्या रस्त्यावर एक पंप टाकायचा? प्रोग्राममध्ये पेट्रोलच्या जागी एखादं गणित असतं, जे एका वाटेने आधीच झालेलं असतं. याची एक पद्धत मोरेल आणि रेन्व्हॉइझ या दोघांनी १९७९ मध्ये मांडली होती. ती व्यवहारात नीट चालावी म्हणून धामधेरे यांनी सुधारणा सुचवल्या.

त्यांचेच विद्यार्थी उदय खेडकर. त्यांनी पवईत जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं, केंद्र सरकारच्या निधीतून. तिथल्या कार्यशाळांमध्ये प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना लाखो ओळींच्या जीसीसीत शिरायला शिकवलं जायचं. स्लाइड्सही सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. त्यांचा मुख्य मुद्दा ऐकून मी तरी जागेवर सरळ बसलो होतो: तुम्ही उतरवता तो कंपायलर नसतोच, तो कंपायलर तयार करण्याचा कारखाना असतो. कोणत्या प्रोसेसरसाठी हवाय हे ‘कॉन्फिगर’ करताना सांगायचं. मग ‘मेक’च्या वेळी त्या प्रोसेसरचं वर्णन करणाऱ्या फाइल्स वाचून जीसीसीचा काही भाग तिथल्या तिथे लिहिला जातो. शिकवण्यासाठी त्यांनी एका सोप्या प्रोसेसरचं वर्णन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, आधी अगदी रिकामा प्रोग्राम, मग थोडं गणित, असं करत.

एवढा खटाटोप कशाला, तयार कंपायलर एका कमांडमध्ये मिळतो की? मिळतो. फोनवर टर्मक्स टाकलं तर क्लँगसुद्धा मिळतो. पण १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात युनिक्सवाल्या केन थॉम्पसनने सगळ्यांची झोप उडवली होती. त्याने दाखवलं की कंपायलरला गुपचूप शिकवता येतं: लॉगिनचा प्रोग्राम दिसला की त्यात चोरदरवाजा टाक, आणि स्वतःचा सोर्स दिसला की हीच खोड नव्या कंपायलरमध्ये टाक. मग सोर्समधून ती खोड पुसून टाकायची. सोर्स स्वच्छ, तरी पुढचा प्रत्येक कंपायलर नासलेला. विरजणच नासकं असेल तर दूध कितीही चांगलं घ्या. मघाची तीन टप्प्यांची तपासणीसुद्धा इथे हात टेकते, कारण दुसरा आणि तिसरा सारखेच नासलेले निघतात.

आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. शंका आली तर नोट उजेडात धरून वॉटरमार्क बघता येतो. बायनरी फाइल कुठल्या उजेडात धरणार?

यावर चिवट उत्तर शोधणारे लोक आहेत. २०२३ मध्ये ग्विक्स या लिनक्सवाल्यांनी दाखवलं की फक्त ३५७ बाइटच्या बीजापासून सुरुवात करता येते. कामाची गाडी हाकायला काही तयार मदतनीस प्रोग्राम लागतात, पण कंपायलरची साखळी या बीजातूनच उगवते. बीजातून छोटी साधनं, त्यातून सीचा लहानसा कंपायलर, मग जुना जीसीसी, मग नवा. मधला जुना चुकवता येत नाही, कारण २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी++ चा कंपायलर लागतो. म्हणून १९९९ ची २.९५ आवृत्ती अजून कामावर आहे, निवृत्त आजोबांना दुकानात बसवावं तशी.

आणि ते ३५७ बाइट? टिफ्रॅकच्या ५ केबीत ते चौदा वेळा बसतील. कागदावर छापले तर एका पानात मावतात, आणि एकेक बाइट बोटाने दाखवत माणसाला वाचता येतात.