एव्हरेस्टचा मूकपट : एका साक्षीची पारख

बखर, ताम्रपट, शिलालेख व पत्रव्यवहार यांची इतिहासाच्या साधनांत गणना होत आली आहे. त्यांच्या पंक्तीस चित्रपटास बसवावें कीं नाहीं, हा प्रश्न विसाव्या शतकानें उभा केला. छायायंत्र खोटें बोलत नाहीं, अशी सामान्य समजूत आहे. ती पारखून पाहण्यास कॅप्टन जॉन नोएल यांच्या ‘दि एपिक ऑफ एव्हरेस्ट’ या १९२४ च्या मूकपटाइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

नोएल यांस या पर्वताचें वेड जुनेंच होतें. १९१३ मध्यें वेषांतर करून ते तिबेटांत शिरले होते. १९२२ च्या मोहिमेंतही ते छायालेखक होते. १९२४ च्या ब्रिटिश मोहिमेच्या चित्रीकरणाचे हक्क त्यांनीं ८,००० पौंडांस मिळविले. दूरवरचें दृश्य टिपणारें भिंग त्यांनीं बरोबर घेतलें, आणि चित्रफिती धुण्यासाठीं दार्जिलिंगला प्रयोगशाळा उभारली. पर्वतावरून निघालेली फीत जासूदांच्या हातीं तेथें पोंचत असे. हा साक्षीदार उद्योगी व धाडसी होता, यांत संशय नाहीं. परंतु त्यानें साक्षीवर भांडवल गुंतविलें होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

४ जून रोजीं नॉर्टन हे प्राणवायूच्या नळकांड्यांवांचून सुमारें ८,५७० मीटरपर्यंत चढून परतले. ८ जून रोजीं मॅलरी व अर्व्हिन अखेरच्या चढाईस निघाले. दुपारीं एकच्या सुमारास क्षणभर ढग फांकले आणि खालून येणाऱ्या ओडेल यांस वरच्या कड्यावर दोन ठिपके सरकतांना दिसले. पुन्हां ढग मिटले, ते कायमचेच. नोएल यांच्या भिंगास त्या वेळीं कांहींच दिसलें नाहीं. तें दृश्य कड्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर दिसलें, याविषयीं खुद्द ओडेल यांचेंही मत पुढें डळमळलें. ज्या क्षणासाठीं एवढा खटाटोप, तो क्षण चित्रपटांत नाहींच! त्यांत आहे तो दोन दिवसांनंतरचा संकेत : उत्तर खिंडीच्या बर्फावर फुलीसारख्या मांडलेल्या घोंगड्या. आशा संपली, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मतें चित्रपटाचा हाच सर्वांत प्रामाणिक भाग होय. शिखर गांठलें कीं नाहीं, तें छायायंत्रास ठाऊक नव्हतें. आणि येथें तें ठाऊक असल्याचा आवही त्यानें आणिला नाहीं.

परंतु भांडवल परत मिळवावयाचें होतें. नायक हरपले, विजय हातीं आला नाहीं. तेव्हां प्रेक्षकांस ओढण्यास दुसरें कांहीं हवें होतें. डिसेंबर १९२४ मध्यें लंडनला चित्रपट लागला, तो तिबेटांतून आणलेल्या लामांच्या नृत्यासह. मठांतील धर्मविधि तिकीट लावून रंगभूमीवर मांडला गेला. शिवाय मुलाच्या डोक्यांतील उवा काढून तोंडांत टाकण्याच्या एका दृश्यानें तिबेटी लोकांची हेटाळणी होते, अशी ल्हासाची तक्रार झाली. तिबेट सरकार रुष्ट झालें. इतरही राजकीय कारणें होतीं, पण पुढील ब्रिटिश मोहीम त्या मार्गानें गेली ती १९३३ मध्येंच. पर्वताचें चित्र खरें होतें. ज्यांच्या भूमींतून तो पर्वत गांठावयाचा, त्यांच्या चित्रास मात्र बाजारभाव लागला होता.

मृतांची गणना करतांनाही हीच तफावत दिसते. १९२२ मध्यें हिमप्रपातानें सात हमाल एका दमांत गेले. १९२४ मध्यें शमशेर व मानबहादूर हे दोघे खालच्या तळांवरील हालांनीं मेले. जगानें मॅलरी व अर्व्हिन हीं दोनच नांवें मुखोद्गत केलीं. तळावर १९२४ मध्यें दगडांची जी स्मारकरास रचली गेली, तिच्यावर मात्र साहेब व हमाल यांचीं नांवें एकत्रच कोरलीं होतीं. या बाबतींत शिळा जगाहून न्यायी ठरली.

मॅलरी यांचें शव १९९९ मध्यें सुमारें ८,१५० मीटरवर सांपडलें. अर्व्हिन यांचें मोज्यावरील नांवामुळें ओळखलेलें पाऊल २०२४ मध्यें खालच्या हिमनदींत मिळालें. त्या दोघांनीं वर नेलेला लहानसा कॅमेरा मात्र हातीं लागलेला नाहीं, आणि शोधक अजूनही त्याची वाट पाहतात. तो मिळाला व त्यांतील फीत शाबूत निघाली, तर एक वाद मिटेल. पण ती फीत कोणी धुतली, कोणीं दाखविली आणि कोणासाठीं, हे प्रश्न तेव्हांही विचारावेच लागतील. बखरकारास आपण ते विचारतों. छायालेखकास त्यांतून सूट कां द्यावी?