मामाचा हात आणि चौदाचा पाढा

काही महिन्यांपूर्वी मामाचा फोन आला. "अरे, विमावाल्यांचा माणूस साडेतीन लाख म्हणतोय. घेऊन टाकू का?"

मामा सुतार. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याच्या मोटरसायकलला मागून कार धडकली. तेव्हापासून डाव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. डॉक्टरांच्या दाखल्यात अपंगत्व 30 टक्के. मी आपला कोड लिहिणारा माणूस, कायद्याचं ज्ञान शून्य. पण घासाघीस करायची तर भाव ठरतो कसा ते तरी बघू, म्हणून वीकेंडला वाचत बसलो.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये 1930 साली झाला. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात ती सक्ती आली, पण ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं 1946 मध्ये. म्हणजे धडक देणाऱ्याच्या खिशात दमडी नसली तरी जखमीला पैसे मिळण्याची सोय झाली. पण मागायचे कुठे? तर दिवाणी कोर्टात! तिथल्या तारखांबद्दल मी काय सांगावं... म्हणून 1956 च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची तरतूद आली.

तरी चूक कोणाची हे सिद्ध करेपर्यंत पदरात काहीच नाही. 1982 मध्ये त्यावर उपाय निघाला: चूक कोणाचीही असो, मृत्यूला 15 हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. पुढे 1987 च्या कायद्याने लोकअदालतीला अधिकृत दर्जा मिळाला. 2019 च्या दुरुस्तीने तर विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा अशी तरतूद केली, ती 2022 पासून लागू झाली.

हे सगळं ओळीने मांडलं तेव्हा ट्यूब पेटली. ऐंशी वर्षांची ही खटपट एकाच गोष्टीशी चाललीय. कंपनी थांबू शकते, जखमी माणूस थांबू शकत नाही. तडजोडीचा आकडा कमी होतो तो इथे. साडेतीन लाखांमागे हिशोब नव्हता, मामाची दोन वर्षांची उधारी होती.

मग खरा हिशोब काय? 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकांचा तक्ता पक्का केला. 41 ते 45 वयाला गुणक 14. मामाची कमाई महिना 15 हजार, वर्षाची 1,80,000. तिचे 30 टक्के 54,000. गुणिले 14, म्हणजे 7,56,000. स्वतःचा धंदा करणाऱ्याची कमाई पुढे वाढली असती, म्हणून 2017 च्या निकालाप्रमाणे या वयाला 25 टक्के जास्त. झाले 9,45,000. औषधपाणी आणि वेदनांचे पैसे वेगळेच.

आणि खरी मेख तर पुढेच आहे. 2010 च्या एका निकालात न्यायालयाने म्हटलंय की दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचं नुकसान एक नव्हे. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण ड्रायव्हर किंवा सुताराचं कामच जातं. उदाहरणात चक्क सुतार! मी तो परिच्छेद मामाला दोनदा वाचून दाखवला.

हे सगळं एका कागदावर लिहून आम्ही लोकअदालतीत गेलो. समोरच्या वकिलांनी कागद पाहिला, बाहेर जाऊन फोन केला, आणि आकडा सव्वाआठ लाखांवर आला. नाही म्हणता आलं असतं, केस पुढे चालली असती. हो म्हटलं की संपलं, लोकअदालतीच्या तडजोडीवर अपील नाही. मी म्हटलं, मामा, अजून थांबू या. मामाने मान हलवली आणि सही केली.

बरोबर केलं का? एक्सेलमध्ये बघितलं तर नाही. पण दुकानाचं भाडं तुंबलेलं एक्सेलला दिसत नाही.

परत येताना मामा म्हणाला, "आकडा बरा आला रे. पण रंधा धरता येत नाही, त्याचा पाढा कुठला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरी कोणाला असा फोन आलाच, तर सहीच्या आधी वय, कमाई आणि गुणक एवढं तरी कागदावर मांडा. असो.